‘निवांत अंदमान’ विकणाऱ्या टूरवाल्यास खुले पत्र

टूरवाले साहेब,



अमरावतीत राजकमल चौकातून पुढं निघालं की तुमचा नवा फ्लेक्स दिसतो. तोच फ्लेक्स अकोल्यात टिळक रोडलाही लागला आहे. निळं पाणी, पांढरी वाळू, एक माड, माडाखाली एकच रिकामी खुर्ची आणि वर मोठ्या अक्षरांत ‘नाताळ स्पेशल निवांत अंदमान, मोजक्याच जागा शिल्लक’. दिवाळीसाठी तुमच्याकडून हीच सहल विकत घेतलेली दोन माणसं माझ्या नात्यातली आहेत, म्हणून त्या चित्राबद्दल चारचौघांत बोलणं मला भाग आहे. २४ डिसेंबर ते १ जानेवारी या दिवसांत अंदमानातल्या कुठल्याही नावाजलेल्या किनाऱ्यावर अशी रिकामी खुर्ची सापडत नाही. हे तुम्हाला माहीत आहे. फ्लेक्सखाली थांबून फोन नंबर टिपून घेणाऱ्याला माहीत नाही. तुमचा धंदा सध्या या एवढ्याच फरकावर चालला आहे.

माझी मावशी आणि मावसाजी अकोल्याचे. दोघंही निवृत्त. नातवंडांची शाळा नाही, रजेचा अर्ज नाही, सोयाबीन काढायचं नाही की कापूस वेचायचा नाही. वर्षातला कुठलाही आठवडा त्यांना चालणार होता आणि जूनमध्ये तुमच्या ऑफिसात बसून त्यांनी तुम्हाला तसं स्पष्ट सांगितलं होतं. मावशीची अट एकच होती. “आमाले गर्दी नोको बापू. पंढरपूर पाह्यलं, तिरुपती पाह्यलं, रांगा लय झाल्या. आता समुद्राजवळ चूप बसाचं हाय.” तुम्ही मान डोलावली आणि त्यांना भाऊबीजेनंतरच्या बॅचमध्ये घातलं. फेब्रुवारीत गेलो तर, असं मावसाजींनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात की दिवाळी हाच खरा सीझन, नंतर समुद्र खवळतो.

साहेब, हे तुम्ही धडधडीत उलटं सांगितलंत. अंदमानात नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी, मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोचतो आणि सप्टेंबरपर्यंत मुक्काम करतो. त्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरातले चक्रीवादळांचे महिने. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘लेहर’ वादळ पोर्ट ब्लेअरजवळून गेलं. डिसेंबर २०१६ मध्ये पुढं ‘वरदा’ या नावानं चेन्नईवर आदळलेल्या वादळाची सुरुवात होत असताना हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकून पडले होते. बोटी बंद, हेलिकॉप्टर बंद. शेवटी नौदलाची जहाजं पाठवावी लागली. तुम्ही ज्याला खरा सीझन म्हणता, ते हे दिवस. समुद्र शांत होतो तो जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. पाणी तेव्हा नितळ असतं, आभाळ मोकळं असतं आणि देशभर परीक्षांचे दिवस असल्यामुळं शाळकरी पोरांची कुटुंबं घरी असतात. निवृत्त जोडप्यासाठी याहून चांगला काळ नाही. मावसाजींच्या तोंडून नेमका तोच महिना निघाला होता आणि तुम्ही त्यांना तिथून मागं फिरवलंत.

का फिरवलंत, ते तुमच्याच ऑफिसातल्या मुलानं नंतर सांगितलं. “काका, ती बॅच भरायची होती.” या धंद्याची रीत मलाही ठाऊक आहे. विमान कंपनीकडून गटाच्या दरानं जागा कित्येक महिने आधी उचलायच्या, अनामत भरायची आणि प्रवाशांची नावं मागाहून द्यायची. नावं भरली नाहीत तर अनामत बुडते. या रीतीत गैर काही नाही, मोठमोठ्या कंपन्याही असंच करतात. पण ती अनामत ही तुमची जोखीम आहे. नफा झाला तर तो तुम्ही कुणाला वाटून देत नाही. तोटा व्हायची वेळ आली तेव्हा मात्र ज्यांना गर्दी नको होती, ज्यांना घाई नव्हती, अशी दोन साठीच्या पुढची माणसं तुम्ही त्या रिकाम्या जागांवर बसवलीत. त्यासाठी त्यांना समुद्राबद्दल खोटं सांगितलंत. माझी मुख्य तक्रार ही आहे. पुढचं सगळं या एका खोट्यातून निघालं.

त्या दिवसांत तिथं माणसं का लोटतात, हे तुमच्यासारख्याला समजावून सांगावं लागू नये. दुर्गापूजेची बंगालची सुट्टी लागते, तिच्या मागोमाग महाराष्ट्र आणि गुजरातची दिवाळी येते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना एलटीसीवर विमानानं अंदमानला जायची सवलत आहे, तेही कुटुंबासकट याच दिवसांत निघतात. पोर्ट ब्लेअरच्या विमानतळाची नवी, मोठी इमारत जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. आता उतरणारी माणसं वाढली, पण राधानगरची वाळू होती तेवढीच राहिली आणि बेटांमधल्या बोटींच्या जेट्ट्या त्याच आहेत. शिवाय दिवाळीची गर्दी म्हणजे काय हे तुमच्याइतकं जवळून कोण पाहतं? तुमच्याच काउंटरवर पुण्याच्या ट्रॅव्हल्सची तिकिटं मिळतात. खासगी बसनं एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घेऊ नये, असा राज्य सरकारचा २०१८ पासूनचा आदेश आहे. तरी दिवाळीत वेलकम पॉइंटला उतरणारी पोरं किती पैसे मोजून येतात, ते तुम्ही दरवर्षी स्वतःच्या हातानं तिकिटावर लिहिता. तेव्हा कल्पना नव्हती, असं कृपा करून म्हणू नका.

आता तुमच्या छापील कार्यक्रमाकडे येतो. तो कागद माझ्यासमोर आहे.

पहिली ओळ: अकोला ते हावडा, कन्फर्म रेल्वे आरक्षण. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. जूनमध्ये तुम्ही ‘कन्फर्म’ म्हणून रोख पैसे घेतलेत तेव्हा ऑक्टोबरच्या त्या गाडीचं एकही तिकीट रेल्वेनं विकायला काढलेलं नव्हतं. नंतर मिळालं ते आरएसी. साइड लोअरच्या एका बर्थवर दोघं समोरासमोर बसून अख्खी रात्र काढत हावड्याला पोचले. मावसाजींचे गुडघे सुजलेले होते आणि समुद्र अजून दिसायचा होता.

तिसऱ्या दिवशीची ओळ मी अनेकांना वाचून दाखवली आहे. ‘दुपारी २ ची बोट, हॅवलॉक आगमन, हॉटेल चेक-इन, विश्रांती, सायंकाळी राधानगर बीचवर सूर्यास्त दर्शन.’ हॅवलॉक, म्हणजे डिसेंबर २०१८ पासूनचा स्वराज द्वीप. ज्या राधानगर किनाऱ्याला ‘टाइम’ साप्ताहिकानं २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, तो या बेटाच्या पश्चिम अंगाला आहे. जेट्टीपासून गाडीनं दहा-बारा किलोमीटर जावं लागतं. बोटीला दीड-दोन तास, सामान उतरवायला अर्धा तास, हॉटेलात खोल्यांच्या चाव्यांसाठी रांग, मग गाडी. आणि सूर्य? साऱ्या देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे. अकोला सत्त्याहत्तरच्या आसपास, अंदमान ब्याण्णवच्या पुढं. आपल्याकडे त्या दिवसांत पावणेसहापर्यंत सूर्य असतो. तिथं पाच वाजून थोडी मिनिटं झाली की सूर्य पाण्यात जातो आणि त्यानंतर लवकरच अंधार पडतो. तुमचा गट किनाऱ्यावर पोचला तेव्हा सूर्य बुडालेला होता आणि रक्षक शिट्ट्या वाजवून लोकांना पाण्याबाहेर काढत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं पुन्हा न्यायचं तर ‘कार्यक्रमात नाही, गाडीचे वेगळे पैसे’. आयुष्यात समुद्रावरचा सूर्यास्त न पाहिलेल्या वऱ्हाडातल्या बाईला तुम्ही दीड हजार किलोमीटरहून जास्त दूर नेलंत आणि काळोखात उभं केलंत. सूर्यास्ताची वेळ पंचांगातही छापलेली असते, साहेब. तुमच्या कागदावर ती सोयीनं पुढं ढकलली गेली, कारण सकाळच्या बोटीच्या जागा आधीच विकल्या गेल्या होत्या.

मावशीला सगळ्यांत जास्त दुखलं ते मात्र सूर्यास्ताचं नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. ‘माझी जन्मठेप’ तिनं तरुणपणी वाचलं आणि पुढं वर्गात त्याबद्दल कितीदा तरी सांगितलं. तिच्या दृष्टीनं अंदमान म्हणजे आधी सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं हा तुरुंग बांधला जात होता. मधल्या मनोऱ्यापासून सात बाजूंना सात इमारती निघत आणि प्रत्येकीची पाठ दुसरीच्या तोंडाकडे, म्हणजे एका कोठडीतल्या माणसाला दुसऱ्याचा चेहरा दिसू नये. त्या सातांपैकी आता तीनच उभ्या आहेत. बाबाराव सावरकर तिथं होते, विनायकराव होते, नाशिक कटातले वामनराव जोशी होते. बंगालचे आणि पंजाबचे कितीतरी जण होते. १९३३ च्या मे महिन्यात उपोषण मोडण्यासाठी बळजबरीनं नळीनं अन्न घालण्यात आलं, त्यात महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्र हे तिघं गेले. ही नावं वाचायला, एका कोठडीत पाच मिनिटं उभं राहायला, कोलूसमोर थांबायला वेळ लागतो. तुम्ही किती दिला? पाऊण तास. त्यातला बराचसा तिकिटाच्या खिडकीसमोर गेला. वर चढायच्या जिन्यावर मागून लोक ढकलत होते, सेल्फी काढणारे कोठडीच्या दारात अडून बसले होते आणि तुमचा माणूस खालून ओरडत होता, “चला, चला, बस सुटते.” संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं संपली होती. दिवाळीत ती संपतातच, म्हणून ती आधी काढायची असतात. मावशी तिथून परतली ती गप्प. घरी आल्यावर मला म्हणाली, “ज्याईले एकटं कोंडलं होतं, त्याईच्या कोठडीत मले एक मिनिट एकटं उभं राहाता आलं नाई.”

फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी ती तिथं दोन तास बसू शकली असती. तुम्ही हिरावलंत ते हे.

बाराटांगबद्दल तर मला जास्त कडक शब्दांत बोलायचं आहे. तुमच्या कागदावर ‘बाराटांग चुनखडी गुहा’ एवढंच आहे. तोंडानं मात्र तुम्ही गटाला सांगितलंत की वाटेत नशिबात असलं तर जारवा लोक दिसतात. पहाटे तीन वाजता सगळ्यांना उठवून तुम्ही जिरकाटांगच्या फाटकावर गाड्यांच्या रांगेत उभं केलंत, कारण तिथून पुढं जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ठरलेल्या वेळी, पोलिसांच्या सोबतीनं, गाड्यांचा ताफाच सोडतात. तिथं थांबायचं नाही, काही द्यायचं नाही, फोटो काढायचा नाही. यातलं काहीही केलं तर तो कायद्यानं गुन्हा आहे. अवघी काहीशे उरलेली ही माणसं आहेत. त्यांना आपल्या साध्या आजारांची सवय नाही. २०१२ मध्ये पर्यटकांसमोर त्यांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही या पर्यटनाच्या आड यावं लागलं. इतकं होऊनही तुम्ही अमरावतीत बसून त्यांना ‘साइटसीइंग’मध्ये मोजता? मेळघाटात सेमाडोहच्या रस्त्यावर गाडी थांबवून कोरकू बायकांचे न विचारता फोटो काढणारे शहरी लोक आपल्याला दिसतात तेव्हा आपल्याला राग येतो. तो राग बाळगणाऱ्या गावाचा माणूस हजार मैलांवर जाऊन तेच विकतो, याची मला लाज वाटते. चुनखडीच्या गुहा पाहण्यासारख्या आहेत, हे मान्य. पण ज्यांनी निवांतपणासाठी पैसे दिले त्यांना पहाटे तीनला उठवून ताफ्यात उभं करायची काही एक गरज नव्हती.

बोटींचा हिशेब आणखी गंभीर आहे, कारण तिथं जिवाचा प्रश्न येतो. २६ जानेवारी २०१४ ला, म्हणजे अशाच सुट्टीच्या दिवशी, पोर्ट ब्लेअरजवळ ‘अ‍ॅक्वा मरीन’ नावाची पर्यटकांची बोट बुडाली आणि २१ माणसं गेली. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक भरले होते. बहुतेक जण तमिळनाडूहून सहलीला आलेले होते. त्यानंतर तिथं माणसं मोजून घेणं, लाइफ जॅकेट घालणं याबाबत कडकपणा आला. तरी नॉर्थ बेला जाताना तुमचा माणूस बोटवाल्याशी हुज्जत घालत होता की आमचे दोन जण वेगळे कशाला, याच बोटीत घ्या. बोटवाल्यानं घेतलं नाही. त्या अनोळखी बोटवाल्याचे मी इथून आभार मानतो. तुमच्याकडून मला याचा खुलासा हवा आहे.

शेवटची रात्र तुम्ही गटाला नील बेटावर ठेवलीत आणि दुसऱ्याच दिवशी दुपारचं पोर्ट ब्लेअरहून विमान. बेटांवर आठवडाभर काम केलेला कुठलाही माणूस सांगेल की परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची, कारण वारा वाढला की बोटी रद्द होतात आणि विमान कुणासाठी थांबत नाही. बोट त्या दिवशी उशिरा सुटली. बाहेर येता न येणाऱ्या बंद बोटीत लाटांमुळं निम्मा गट ओकत होता. मावसाजींची रक्तदाबाची गोळी सामानाच्या ढिगात खाली दडपली गेली होती. विमान थोडक्यात मिळालं. मिळालं म्हणून तुमची चूक चूक राहत नाही, असं नाही. नीलवरचा तो नैसर्गिक दगडी पूलही त्यांना दिसला तो भरतीच्या वेळी, गुडघाभर पाण्यातून. ओहोटी असली तरच तिथं खडकांवरून चालत जाता येतं आणि भरती-ओहोटीच्या वेळा वर्षभर आधी छापून मिळतात.

एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही, ती अकोल्याच्या माणसानं तरी बोलायला हवी. पोर्ट ब्लेअरला प्यायचं पाणी मुख्यतः धनीखाडीच्या एका धरणातून मिळतं. पाऊस संपून उन्हाळा लागला की तिथल्या घरांना दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा नळ येतो. महानच्या धरणात किती टक्के साठा उरला हे रोजच्या पेपरात शोधणाऱ्या अकोलेकराला याचा अर्थ सांगावा लागत नाही. एप्रिल-मेमधल्या तुमच्या ‘समर स्पेशल’मध्ये हॉटेलात चोवीस तास शॉवर चालतो, तो टँकरवर. ते पाणी कुणाच्या तरी हंड्यातलं असतं. बेट लहान असतं आणि त्याच्याकडे देण्यासारखं मोजकंच असतं. सगळ्यांनी एकाच पंधरवड्यात तिथं जाऊन ते ओरबाडायचं, हे आपण दुष्काळ पाहिलेल्या लोकांनी तरी करू नये.

तुमचं उत्तर काय असेल ते मला ठाऊक आहे, कारण ते तुम्ही मावसाजींना फोनवर दिलंत. लोकांना सुट्टीच तेव्हा असते आणि वऱ्हाडी माणसाला सात दिवसांत सगळं पाहिजे, पैसा वसूल पाहिजे. यातला पहिला भाग खरा आहे. शिक्षकांना, शाळकरी पोरांच्या आईबापांना दिवाळी आणि मे याशिवाय इलाज नाही. त्यांनी जाऊच नये असं मी म्हणत नाही. पण मग त्यांना खरं सांगून न्या. गर्दी असेल, सकाळची बोट हवी तर आजच ठरवा, बाराटांग सोडा, हॅवलॉकला तीन रात्री एकाच हॉटेलात राहा, रोज पेट्या उचलू नका. एवढं सांगितलंत तर तीच माणसं पुढच्या वर्षीही तुमच्याकडे येतील. दुसरा भाग मला साफ अमान्य आहे. मावशीनं सगळं मागितलंच नव्हतं. तिनं समुद्राजवळची एक शांत जागा मागितली होती. तुम्ही तिच्या तोंडी दुसऱ्याची मागणी घातलीत आणि मग तिच्यावरच ढकललीत. ज्यानं समुद्र पाहिलेला नाही तो माहीतगाराला पैसे देतो ते त्याच्या माहितीसाठी. तुमच्या कमिशनचं समर्थन त्याखेरीज दुसरं काय आहे?

नाताळच्या बॅचची एक बाब फ्लेक्सवर बारीक अक्षरांतही नाही, म्हणून इथं लिहितो. ३१ डिसेंबरला बरीच हॉटेलं ‘गाला डिनर’ सक्तीचं करतात आणि त्याचे पैसे वेगळे घेतात. जेवा किंवा जेवू नका. ते तुमच्या सांगितलेल्या रकमेत धरलं आहे का? नसेल तर आजच जाहीर करा. आणि लक्षद्वीपचा जो दुसरा कागद तुम्ही वाटता आहात, त्यावर हेही छापा की तिथं जायला भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो आणि त्या साऱ्या द्वीपसमूहात विमान उतरतं ते एकट्या अगत्तीला. परवाना हातात येण्याआधी कुणाकडूनही पूर्ण रक्कम घेऊ नका.

मावशीच्या पैशांबद्दल. तुम्ही त्यांना पिवळ्या कागदाची कच्ची पावती दिलीत. टूर पॅकेजवर ५ टक्के जीएसटी असतो. तो तुम्ही घेतला असेल तर पक्कं बिल द्या. घेतला नसेल तर का, ते लिहून द्या. कन्फर्म सांगून न दिलेलं रेल्वे आरक्षण, न दाखवलेला सूर्यास्त, न काढलेली ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं आणि वर घेतलेले गाडीचे पैसे, यांची रक्कम परत करा. नाताळचा फ्लेक्स उतरवा किंवा त्यावरचं ‘निवांत’ खोडून त्या जागी तारखा आणि गर्दीची खरी सूचना लिहा. पंधरा दिवस वाट पाहीन.

वाचकांनो, तुमच्यापैकी कुणी या किंवा अशाच दुसऱ्या टूरवाल्याला पैसे द्यायला निघाला असाल तर आधी थोडं विचारून घ्या. रेल्वेचं तिकीट आज निघू शकतं का? बोट किती वाजताची, आणि ते तिकिटावर लिहून मिळेल का? परतीच्या विमानाआधीची रात्र कुठं? बोट रद्द झाली तर हॉटेलचा खर्च कोणाचा? उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा, पैसे बँकेतून द्या, पक्कं बिल घ्या. निवृत्त असाल, तुमच्यामागं शाळेचं वेळापत्रक नसेल, तर जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंतच्या तारखा सोडून दुसऱ्या कुठल्याही तारखेला होकार देऊ नका. ‘सीझन नाही’ असं कुणी म्हणालं तर उठून या.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार करणारा जिथं राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार नोंदवता येते. टूरवाल्याचं ऑफिस अमरावतीला असलं तरी अकोल्याच्या माणसाला अकोल्यातच जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्ला घेता येतो. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. मावशीची तक्रार लिहून तयार आहे आणि तिच्यावर मावसाजींचीही सही झाली आहे.